हँडब्रेक कोणी ओढला?

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मला शुद्ध फेकाफेक वाटतात. दोघा-तिघांच्या पोस्टवर जाऊन मी भांडलोही आहे... ज्यांना ते आठवत असेल त्यांनी आता उट्टं काढायला येऊ नये. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि आजही ‘भूत’ हा शब्द वापरायला माझी जीभ वळत नाही. जे झालं ते सांगतो. पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. खाली येऊन ‘दादा, डॉक्टरला दाखवा’ असं लिहिणाऱ्यांनी तर मेहेरबानी करून गप्पच बसावं. दाखवून झालंय.

मी ग्वाल्हेरचा, शिंदे की छावनीत राहतो. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. आता फौज नाही आणि घोडे नाहीत. मी पाण्याचे कॅम्पर पुरवतो — लग्नात, भंडाऱ्यात, ऑफिसांत ते थंड पाण्याचे मोठे जार असतात ना, तेच. त्यासाठी एक सेकंडहँड पिकअप आहे. माझी मराठी हिंदीच्या वळणाची वाटली तर वाटू दे, आमच्याकडे अशीच बोलतात.

घर साधं, दोन मजली, सिमेंटचं. खाली थोरला भाऊ, म्हणजे दादा आणि वहिनी. वर मी आणि माझी बायको सुषमा. पुढे अंगण आहे, त्याला घरापासून फाटकाकडे चांगलाच उतार. पिकअप मी त्याच अंगणात उभी करतो, तोंड फाटकाकडे करून. त्यावरूनही वहिनीची रोजची कटकट असायची, पण तो मोठा विषय नव्हे.

मोठा विषय असा, की दादा आणि मी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

त्याचं कारण ऐका. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दादा शिडीवरून गच्चीवरची टाकी साफ करायला चढला आणि पडला. डाव्या पायात रॉड घालावा लागला, पाय आखूड झाला. शुद्धीवर आल्यावर हॉस्पिटलमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाला, “विजूने शिडी ओढली. वर बघून हसला आणि ओढली.” विजू म्हणजे मी. आणि मी त्या दिवशी कुठे होतो? झाशीला! साडूच्या घरी, त्याच्या शेजारी बसून जेवत होतो. साडूने देवावर हात ठेवून सांगितलं, तरी हा आपला एकच धोशा. सारखं ‘मी डोळ्यांनी बघितलं’. मीही मग सोडलं नाही. म्हटलं, खालच्या मजल्याबरोबर वरचाही गिळायचाय म्हणून ही नाटकं चाललीत. गोरखीपासून सिटी सेंटरपर्यंत जेवढे म्हणून आमचे भाऊबंद आहेत, त्या सगळ्यांत माझी ओळख काय झाली? सख्ख्या भावाच्या जिवावर उठलेला. लग्नाकार्यात लोक मला पाणी विचारेनात. मी पाण्याचा धंदा करणारा माणूस, मला!

असो. आता त्या दिवसावर येतो. खंडेनवमी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यात शस्त्रं पूजतात. नुसती तलवार नाही, घरातलं सगळं लोखंड. विळी, सुरी, हातोडी, पाने, सगळं पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. घराण्याची तलवार गोरखीत चुलतकाकांकडे असते, तिथे सगळे भाऊबंद जमतात. तिथली रीत अशी की पूजेला घरातला थोरला भाऊ मूठ धरतो आणि धाकटा पात्याला गंध लावतो. आमच्या पिढीत मूठ दादाची, गंध माझं. दोन वर्षं मी गेलो नव्हतो. जाऊन काय करू? सगळ्यांची थोबाडं बघू?

आणि इकडे माझा हँडब्रेक गेला होता. आदल्या दिवशी सिटी सेंटरला एका भंडाऱ्याच्या मंडपाशी उतारावर भरलेली गाडी लावली, लीव्हर पार वरपर्यंत ओढला, उतरलो... आणि गाडी हळूच चालायला लागली. पळत जाऊन ब्रेक मारला म्हणून बरं, पुढे बायका पंगतीला बसल्या होत्या. दसऱ्याच्या सगळ्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. नवमीच्या सकाळी मेकॅनिककडे गेलो तर तो शटर ओढून निघालेला. म्हणाला, “आज नवमी है भाईसाहब, घर पे कन्या-भोज है. परसों लाना.” परसों! परवा आणून काय लोणचं घालू?

तर म्हटलं, आपणच करू. वडिलांची जीप होती तेव्हा हे काम मी आणि दादाने पन्नासदा केलेलं. सुषमा गोरखीला जायला निघाली होती, तिने मला पाटावरचा पाना उचलताना पाहिलं.

“अहो, आज लोखंडाला हात लावू नका.”

“उद्याचं पाणी कोण पोचवणार? देवी येणार आहे का डोक्यावर कॅम्पर घेऊन?”

“नीट बोलत जा जरा. सणाचा दिवस आहे.”

“तू जा. तुझे भाऊजी तलवार घेऊन बसले असतील, आरती करा त्यांची.”

ती फणकाऱ्याने निघून गेली. दादा-वहिनी आधीच गेले होते. मी फाटकाला आतून कडी घातली, कुंकू लागलेला पाना पुसला आणि कामाला लागलो. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगतोय.

काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हँडब्रेकच्या लीव्हरपासून एक तार गाडीखाली येते, मग तिच्या दोन होतात, एकेक मागच्या चाकाला जाते. जिथे दोन होतात तिथे एक नट असतो. तो आवळला की तार ताणली जाते. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलावी लागतात. आता हँडब्रेक धरतो फक्त मागची चाकं, आणि तीच हवेत. मग उतारावर गाडीला थोपवतं कोण? पुढच्या चाकांना लावलेल्या दोन विटा. बस. मी विटा नीट ठोकून बसवल्या, आणि वडिलांनी लावलेली सवय म्हणून मागच्या चाकापुढे स्टेपनीही आडवी टाकली. मग खाली शिरलो.

हे काम दोघांचं आहे. एक खाली नट फिरवतो, दुसरा वर बसून लीव्हर ओढतो आणि सोडतो. एकट्याने करायचं तर थोडा नट आवळा, सरपटत बाहेर या, वर चढा, लीव्हर ओढून बघा, परत खाली शिरा. तीन-चार फेऱ्यांत माझी कंबर मोडली. घाम डोळ्यांत जात होता आणि मी मेकॅनिकच्या, दादाच्या, सगळ्यांच्या नावाने शिव्या घालत होतो. आणि तसाच उताणा पडलेला असताना, जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं... “घे!”

आम्ही दोघं भाऊ असंच करायचो. खालचा म्हणायचा ‘घे’, वरचा लीव्हर ओढायचा. खालचा म्हणायचा ‘सोड’, वरचा सोडायचा. दादा तोंडाने कधी उत्तर द्यायचा नाही, लीव्हर ओढून झाला की केबिनच्या पत्र्यावर टकटक करायचा, दोनदा.

मी ‘घे’ म्हटलं, आणि गाडी किंचित दबली. सीटवर कोणी बसलं की दबते तशी. मग वरून आवाज आला... कट-कट-कट-कट. तार माझ्या नाकासमोर ताणली गेली.

आणि मग — टक टक.

खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मला वाटलं, दादा आला. फाटकाला आतून कडी आहे हे डोक्यातच आलं नाही. पूजा सोडून आला असेल, मला एकट्याला खाली मरताना बघून राहवलं नसेल. दोन वर्षांचा राग होता, तरी बरं वाटलं. बोललो असतो तर रडलो असतो. नुसतं म्हटलं, “सोड.” लीव्हर सुटला. मी नट आणखी थोडा आवळला. “घे.” कट-कट-कट. टक टक. “सोड.” बराच वेळ असं चाललं. हात लावून चाक फिरवून बघत होतो — ओढला की चाक जाम, सोडला की मोकळं. किती वर्षांनी एवढं सुरळीत काम झालं असेल! शेवटचं एकदा म्हटलं, “घे.” ओढला. पक्का बसला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुषमा. हात ग्रीसचे, मी कसाबसा स्पीकर लावून फोन छातीवर ठेवला.

“अहो, येताय का? गंध लावायला तुम्हीच हवे म्हणतायत काका. सगळे खोळंबलेत.”

“अगं पण दादा तर इथे आहे,” मी म्हटलं. “तिकडे मूठ कोण धरतंय?”

“काय बोलताय? भाऊजी माझ्यासमोर बसलेत.”

मग तिकडे काहीतरी हालचाल झाली, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा दादाचा आवाज माझ्याशी बोलला. कोरडा, ठणठणीत.

“विजू, यायचं असेल तर ये. नसेल तर नाही म्हण. लोकांना ताटकळत ठेवू नकोस.”

माझ्या डोक्यावर, पत्र्यावर... टक टक.

“हे काय वाजलं?” दादाने फोनवर विचारलं.

मी ‘सोड’ म्हटलं नव्हतं, तरी वर लीव्हर खाडकन सुटला. तार सैल पडली. मग केबिनचं दार उघडलं आणि दोन पाय खाली उतरले.

मला खालून फक्त पाय दिसत होते. डाव्या पायातल्या सँडलचा तळ जाड होता. दादाचा पाय आखूड झाल्यावर त्याने मोच्याकडून तसला खास जोड करवून घेतलाय, ग्वाल्हेरमध्ये दुसऱ्या कोणाकडे नसेल. पण दादा डावा पाय ओढत चालतो. हा ओढत नव्हता. अगदी सरळ, निवांत चालत पुढच्या चाकाशी गेला आणि वाकला. वाकून त्याने गाडीखाली माझ्याकडे पाहिलं.

दादाच होता. कपाळ, मिशी, गालावरचा तीळ, सगळं. चेहऱ्यावर राग असता तर एक वेळ मी समजलो असतो. राग नव्हता. तो हसत होता. उंदीर पिंजऱ्यात सापडल्यावर माणूस हसतो ना, तसा.

हसत हसत उठला आणि जाड तळाच्या पायाने वीट बाजूला लोटली.

गाडी कुरकुरली. मी फोन टाकून मागच्या बाजूला सरपटायला लागलो. शर्ट कुठे तरी अडकला, तो फाडून निघालो. ते पाय सावकाश दुसऱ्या चाकाकडे जाताना दिसत होते, काही घाई नव्हती त्याला! मी ओरडत होतो, “घे! घे रे! हँडब्रेक घे!” कोणाला सांगत होतो देव जाणे. फोनमधून दादा ओरडत होता, “विजू! काय झालं? विजू!” आणि त्याच दादाचा पाय माझ्यासमोर दुसरी वीट ढकलत होता.

गाडी पुढे सरकली, जॅक आडवा झाला, मागची चाकं धाडकन खाली आली. अंग बाहेर निघालं होतं, डावा हात आत राहिला. चाक स्टेपनीवर जाऊन अडलं, नाहीतर हात खांद्यापासून गेला असता आणि गाडी फाटक तोडून गल्लीत. हाताची दोन हाडं मोडली, गळ्याजवळचं एक. तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. आवाज ऐकून समोरचा शेजारी धावला, त्याला भिंतीवरून उडी मारून यावं लागलं. फाटकाची कडी मी घातली होती तशीच आतून लागलेली होती. हे त्याला शंभरदा विचारून झालंय, तो चिडतो आता.

हॉस्पिटलमध्ये सगळे गोरखीहून तसेच आले. दादाच्या कपाळावर पूजेचं कुंकू होतं. सुषमा रडत होती, वहिनी म्हणत होती, “सणाच्या दिवशी लोखंड उचललं, दुसरं काय होणार?” दादाने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. काठी टेकून खाटेशी उभा राहिला. बसला नाही.

“कोण होतं?”

मी म्हटलं, “तू.”

त्याने विचारलं, “हसला होता?”

“हो.”

“आता कळलं?” म्हणाला, आणि निघून गेला.

दुखतंय का विचारलं नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. दोन वर्षं त्याला खोटं ठरवलं त्याची पावती माझ्या तोंडावर मारून गेला. मला इतका राग आला की हात मोडलेला नसता तर काही तरी फेकून मारलं असतं. आणि बोलणार काय? त्याचं बरोबर होतं ना!

आता तुमच्या शंका. डोक्याला मार? नाही, सगळे फोटो काढून झालेत. जॅक सरकला असेल? सरकला असेल हो, पण आधी विटा कोणी काढल्या? खंडेनवमीला पाना उचलला म्हणून? मग दादा पडला तो तर उन्हाळा होता, आणि त्याने हातात झाडूशिवाय काही धरलं नव्हतं. भास म्हणाल, तर तिकडेही फोन स्पीकरवर होता, ती टकटक सुषमाने ऐकली, दादाने ऐकली, तिथल्या चार बायकांनी ऐकली. गाडी नंतर मेकॅनिकने तपासली. मला फोन करून म्हणतो, “भाईसाहब, हैंडब्रेक तो एकदम बढ़िया सेट है. किससे कराया?” मी फोन कापला. गाडी विकून टाकली.

दादा आणि मी आता बोलतो. म्हणजे कामापुरतं. बिल भरलंस का, पाणी आलं का, वगैरे. भाऊबंदांत माझं नाव धुऊन निघालं, दादाने स्वतः सगळ्यांना सांगितलं की तो विजू नव्हता. त्याला माहीत आहे की शिडी ओढली तो मी नव्हतो, मला माहीत आहे की वीट ढकलली तो तो नव्हता. पण चेहरा बघितलाय आम्ही एकमेकांचा. अंगणात तो समोरून आला की माझी नजर आधी त्याच्या पायाकडे जाते, आणि मी गच्चीवर असलो की तो अंगणातसुद्धा थांबत नाही. याला काय बोलणं म्हणायचं?

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुपारची वेळ, सुषमा बाजारात. दार वाजलं. दाराच्या भिंगातून पाहिलं तर दादा, हातात स्टीलचा डबा.

“विजू, उघड. बासुंदी दिलीय वहिनीने.”

मी कडीला हात लावला आणि थांबलो. खिशातून फोन काढून त्याला लावला. खालच्या मजल्यावर रिंग वाजायला लागली. वाजत राहिली. कोणी उचलली नाही. दाराबाहेर दादा भिंगाकडे बघत उभा होता. फोन खाली विसरून वर आला असेल, विसरतो तो. किंवा खाली झोपला असेल.

“उघड ना रे. किती वेळ उभा करतोस?”

आवाजात प्रेम होतं. दोन वर्षांत तो माझ्याशी इतक्या मायेने बोलला नव्हता, आणि त्यामुळेच माझा हात कडीवरून निघाला. मी भिंगापासून मागे झालो. थोड्या वेळाने डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. तो जिन्याने उतरायला लागला तेव्हा मी दोन्ही कान दाबून धरले. पाय ओढल्याचा आवाज येतो की नाही, हे मला ऐकायचंच नव्हतं.

बासुंदी मी मोरीत ओतली. डबा घासून ओट्यावर ठेवलाय. तो परत करायला खाली गेलो, तर वहिनी एक तर म्हणेल, “गोड लागली का?” किंवा म्हणेल, “हा कुठला डबा?” माझा सख्खा भाऊ आहे हो तो... मी अजून खाली गेलेलो नाही.